कान आणि कनवटी

या सदराकडे वाचकांची जी पत्रे येतात त्यांच्या मुख्यत्वे दोन जाती आहेत. एका जातीत ‘घ्यावे की न घ्यावे?’ असे विचारलेले असते. दुसऱ्या जातीत ‘घेऊन बसलो, आता घरात कसे सांगू?’ असे असते. दुसऱ्या जातीच्या पत्रांना उत्तरे देणे मी केव्हाच सोडून दिले आहे. तो प्रश्न अर्थशास्त्राचा नसून गृहशांतीचा आहे, आणि त्यासाठी भटजी बोलवावा, सदरलेखक नव्हे! पहिल्या जातीची पत्रे मात्र मी आवडीने वाचतो. वॉशिंग मशीन, पंखा, सोफा, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र या साऱ्यांचा हिशेब आपण आजवर मांडून झाला आहे. यंदा दिवाळीच्या तोंडावर आलेल्या एका पत्राने मात्र मला चांगलेच कोड्यात टाकले. पत्र कुंडलहून आले होते, लिहिणारी एक गृहिणी, आणि विषय हेडफोनचा.

बाई लिहितात, “माझा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. कराडला नोकरीला असतो, किर्लोस्करवाडी स्टेशनावरून रोज गाडीने जाऊन-येऊन करतो. त्याच्याजवळ दोन हजारांचा हेडफोन आहे. धड आहे, वाजतो. आता दिवाळीच्या बोनसमधून सव्वीस हजारांचा घ्यायचा म्हणतो. कशाला, म्हणून विचारले तर म्हणतो, त्यावर आजोबांची कॅसेट नीट ऐकू येईल. सासऱ्यांचे नाव निघाले की मला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि सव्वीस हजार म्हटले की ‘हो’ म्हणता येत नाही. तुम्हीच काय ते लिहा.”

अशा पत्राला खुर्चीत बसून उत्तर देणे बरे नव्हे. मला कामानिमित्त सांगलीला जायचेच होते, तेव्हा वाट थोडी वाकडी करून मी कुंडलला उतरलो.

कुंडल हे गाव पलूस तालुक्यात येते. शहरातल्या वाचकांना ते नकाशावर चटकन सापडेलच असे नाही. पण किर्लोस्करवाडी म्हटले की बहुतेकांच्या ध्यानात येईल. त्या स्टेशनाचे जुने नाव ‘कुंडल रोड’. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना थाटला आणि पुढे स्टेशनाचेही नाव बदलले. गंमत अशी, की त्याच १९१० साली तिकडे अमेरिकेत यूटा प्रांतात नॅथॅनिअल बाल्डविन नावाचा एक गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात बसून कानाला लावायची यंत्रे जुळवीत होता. ती त्याने अमेरिकेच्या आरमाराला विकली, आणि आज पोरांच्या डोक्यावर दिसणाऱ्या हेडफोनचा वंश तिथून सुरू झाला. १९५८ साली जॉन कॉस याने दोन्ही कानांना वेगवेगळा ध्वनी देणारा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, १९७९ साली जपानचा वॉकमन आला, आणि त्यानंतर तरुण माणसाला हाक मारली की ती एका हाकेत पोचेनाशी झाली.

कुंडलची खरी ओळख मात्र वेगळी आहे. १९४३ ते ४६ या वर्षांत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. त्याची तुफान सेना उभारणारे जी. डी. बापू लाड हे याच गावचे. गाव औंध संस्थानात होते आणि चळवळीचे मोठे ठाणे होते. आमच्या पत्रलेखिकेचे सासरे त्या वेळी सतरा वर्षांचे. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली गेली, त्यात ते नव्हते. हे ते स्वतःच कॅसेटवर दोनदा सांगतात. न केलेला पराक्रम अंगावर घेणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांचे काम चिठ्ठ्या पोचवण्याचे. आता त्यांचा नातू रोज त्याच शेणोलीवरून कराडला जातो. मी विचारले तेव्हा म्हणाला, “काका, शेणोली आली की मला कळतच नाही. कानात गाणं असतं ना.”

तर ही कॅसेट. १९८९ साली थोरल्या जावयाने मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला आणि सोप्यात बसून म्हाताऱ्याला बोलते केले. पाऊण तासाची एक बाजू भरली आहे. मागे कोंबडी ओरडते, कुणीतरी खोकते, मध्येच भांडे पडते. आजोबा १९९६ साली गेले, आणि त्यांच्या आवाजाची एवढी एकच खूण घरात उरली. त्या बोलण्यात एक जागा अशी येते, की चळवळीतली चार पोरे तीन दिवस जोंधळ्याच्या रानात लपून आहेत, गावात पोलीस आहेत, आणि एक बाई वैरणीच्या भाऱ्यात भाकरी लपवून रोज त्यांना पोचवते. “आमी जगलो ते तिच्या भाकरीवर,” आजोबा म्हणतात, “आन् तिचं नाव कुटं लिवलं न्हाई कुनी.” आणि पुढे ते तिचे नाव सांगतात. ते नाव नेमके ऐकू येत नाही! वहिनींना ते ‘साळू’ वाटे, त्यांच्या यजमानांना ‘बाळू’, मुलाला ‘काळू’. गेली पाच-सहा वर्षे दर दिवाळीला हा वाद होतो, आणि दर दिवाळीला तो फराळाबरोबर संपतो.

हे ऐकल्यावर सव्वीस हजारांचा आकडा मला तितका उधळपट्टीचा वाटेना. एखाद्या घराला एखादे नाव हवे असेल तर त्याची किंमत आपण कोण ठरवणार? प्रश्न फक्त एवढाच उरतो, की सव्वीस हजार मोजल्यावर ते नाव मिळेल काय?

मुलगा हुशार. त्याने कराडच्या एका मित्राकडून तोच सव्वीस हजारांचा हेडफोन शनिवार-रविवारपुरता मागून आणला होता. वाचकहो, महागाची वस्तू घेण्यापूर्वी ती दोन दिवस उसनी आणावी, हा नियम पाठ करून ठेवण्याजोगा आहे. दुकानात पाच मिनिटे कानाला लावून पाहणे म्हणजे बस्त्यात मांडवालीच्या दिव्याखाली शालू पाहण्यासारखे. तिथे सगळेच झळकते.

त्याने मोठ्या हौसेने तो माझ्या डोक्यावर चढवला. “बघा काका, किती मोकळा आवाज!” आवाज मोकळा होता खरा, पण तो मोठाही होता. दोन यंत्रे मोबाइलला एकाच खुणेवर लावली तरी सारखीच मोठी वाजतात असे नाही. आणि आपल्या कानाची खोड अशी, की जरासा मोठा आवाज त्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले आहे: आवाज हळू असला की खर्ज आणि अगदी उंच सूर कानाला उणे पडतात, तो वाढवला की तेच भरून येतात आणि गाणे अंगाने भरल्यासारखे वाटते. विक्रेत्यांना हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तेव्हा आम्ही प्रथम दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घेतला. मुलाचा चेहरा तिथेच अर्धा उतरला.

मग परीक्षा. इथे एक अडचण येते. घरातल्या माणसांना कॅसेट पाठ झालेली. त्यांना न ऐकू आलेला शब्दही ऐकू येणार. म्हणून शेजारचे एक शाळामास्तर आणि मी, असे दोघे कोरे कान निवडले. कॅसेटमधले दोन उतारे घेतले. पहिला उतारा मास्तरांनी दोन हजारांच्या हेडफोनवर ऐकून लिहून काढला, मी सव्वीस हजारांच्या. दुसऱ्या उताऱ्याला अदलाबदल. मग वह्या ताडून पाहिल्या. महागड्या यंत्रावर दोन उताऱ्यांत मिळून तीन शब्द अधिक सापडले होते, आणि त्यातला एक चुकीचा होता. नाव? मास्तरांना ‘बाळू’ वाटले, मला ‘साळू’. म्हणजे वाद मिटण्याऐवजी दोन मतदार वाढले!

खोटे कशाला बोलू. त्यानंतर मुलाने अलीकडचे एक शास्त्रीय गायन लावले तेव्हा फरक मलाही जाणवला. बायाचा घुमारा पोटात उतरत होता, तंबोऱ्याच्या तारा एकीपासून दुसरी सुटी ऐकू येत होती. वस्तू चांगली होती. पण किंमत तेरा पट होती, आणि सुख तेरा पट नव्हते. माझ्या कानाला ते दीडपटही नव्हते. २०१७ साली जेरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली होती. खर्जापासून टीपेपर्यंत आवाजाचा समतोल यंत्र कसे राखते, हे त्याने पाहिले आणि शेजारी बाजारातली किंमत मांडली. दोहोंचा काही संबंधच त्याला आढळला नाही. म्हणजे महाग ते वाईट असे नव्हे. महाग म्हणून चांगले असेल, हा भरवसा नाही. (डोक्याला न टोचणे, टिकाऊपणा, सांधे मोडले तर सुटे भाग मिळणे, हे त्या मोजणीत नव्हते, आणि या गोष्टींना पैसे पडतात, तेही लक्षात ठेवले पाहिजे.)

शिवाय जे मुळात भरलेलेच नाही ते कुठले यंत्र ऐकवणार? १९२५ पूर्वीच्या तबकड्या मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात तोंड घालून गाऊन भरलेल्या. त्यांत टीपेकडचे बारकावे उतरलेच नाहीत. त्या लाखाच्या यंत्रावर लावल्या तर खरखर तेवढी अधिक स्वच्छ ऐकू येईल! माणसाच्या बोलण्याला तर फारच थोडी जागा लागते. जुन्या टेलिफोनवर ३०० पासून ३,४०० कंपनांपर्यंतचाच पट्टा जात असे, आणि त्यावर लोकांनी सोयरिकी जमवल्या, व्यापार केले, भांडणेही केली. दोन हजारांचा हेडफोन त्याच्या कितीतरी पलीकडचे ऐकवतो. तेव्हा नाव हरवले होते ते हेडफोनात नव्हे. त्याच्या अलीकडे कुठेतरी.

या ठिकाणी मला मिरज आठवली. कुंडलहून सांगली ओलांडली की मिरज. अब्दुल करीमखाँसाहेबांनी तिथे वास्तव्य केले म्हणून गाणाऱ्यांना ती ठाऊक असते. पण तिथल्या सतारमेकर मंडळींच्या गल्लीत ज्याने एक दुपार घालवली नाही, त्याने मिरज पाहिली असे मी म्हणणार नाही. मुळात हे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तोच हात भोपळ्यांकडे आणि तारांकडे वळवला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या कारागिराकडे ‘तंबोरा बोलत नाही’ म्हणून तक्रार घेऊन जा. तो प्रथम नवा तंबोरा दाखवत नाही. तो घोडीवर बोट फिरवतो, तारेखालचा सुताचा जीवा किंचित सरकवतो, आणि मग म्हणतो, ‘जवारी काढायला पाहिजे.’ तारेने खाऊन खाऊन घोडीच्या पाठीवर चर पडलेले असतात. ते कानसून पाठ पुन्हा साधायची, की तोच भोपळा पुन्हा गुंजायला लागतो. जुन्याची जवारी तपासल्याशिवाय नवे घेऊ नये, एवढे त्या गल्लीत शिकण्यासारखे आहे. वहिनींच्या यजमानांना हे फार पटले. त्यांची मोटारसायकल वीस वर्षांची आहे, आणि ती बदलण्याचा विषय घरात अधूनमधून निघत असतो.

मी मुलाला विचारले, “ही कॅसेट मोबाइलवर आली कशी?” तो म्हणाला, “टेप लावली आन् मोबाइल धरला की समोर.” म्हणजे टेपरेकॉर्डरच्या वीतभर स्पीकरसमोर, सोप्यात, पंखा चालू असताना! आजोबांचा आवाज आधी टेपेतून, मग त्या स्पीकरच्या फाटक्या कागदातून, मग पंख्याच्या वाऱ्यातून मोबाइलपर्यंत आलेला. सव्वीस हजार मोजून तो पोरगा पंखा अधिक चांगला ऐकणार होता.

माळ्यावरून टेपरेकॉर्डर खाली निघाला. त्याचा रबरी पट्टा ढिला झालेला, तो एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दीडशे रुपयांत बदलून दिला. ज्या हेडवरून फीत घासत जाते त्यावर तपकिरी कीट साचले होते; आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते पुसले. एवढ्यानेही आवाजावरची गोधडी निघाल्यासारखी झाली. पण खरी मेख पुढे होती. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कल बदलतो. टेप भरणाऱ्या यंत्राचे हेड ज्या कलाने बसलेले असेल, त्याच कलाने वाजवणाऱ्याचे बसले पाहिजे. केसभर तिरके झाले तरी उंच कंपने एकमेकांना मारतात. बोलण्यात त्याचा घाव व्यंजनांवर बसतो. स्वर म्हणजे अ, आ, ऊ हे खालच्या पट्टीत असतात, ते टिकतात. पण ‘स’ची शीळ, ‘च’ची चरचर, ‘त’चा ठोका ही सारी वरच्या मजल्यावर राहतात, ती पुसली जातात. म्हणूनच घरातल्या तिघांना शेवटचा स्वर एकच ऐकू येत होता आणि सुरुवातीचे अक्षर प्रत्येकाने आपापल्या मनाचे घातले होते.

मूळ जागेवर शाईने खूण करून मुलाने तो स्क्रू हळूहळू फिरवला. आधी आवाज आणखी बुजला, मग दुसऱ्या बाजूला फिरवताना एका ठिकाणी एकदम ‘स’ धारदार झाले, मागचे भांडे टणकन वाजले. तिथे थांबलो. मग स्पीकर बंद करून टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून सरळ वायर संगणकात घातली, आणि पाऊण तासाची बाजू एकदाच सबंध उतरवून घेतली. ऐकायला तोच दोन हजारांचा हेडफोन. त्याच्या कानावरच्या गाद्या तेवढ्या चिरल्या होत्या, त्या बदलून घ्यायला सांगितले आहे. गादी फुटली की खर्ज गळून जातो आणि माणूस यंत्राला दोष देतो.

नाव आले. स्वच्छ, ठसठशीत, तीन अक्षरांचे. ना साळू, ना काळू, ना बाळू. सगळेच चुकले होते. वहिनी काही वेळ पदर तोंडाला लावून बसल्या. आजी, म्हणजे कॅसेटवरच्या आजोबांची पत्नी, सोप्याच्या दाराशी शेंगा फोडत होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांना या गडबडीचा पत्ता नव्हता. वहिनींनी त्यांच्या कानाशी जाऊन ते नाव मोठ्याने सांगितले. आजींनी वर पाहिले.

“ती व्हय? वरल्या आळीची. मी लगीन होऊन आले तवा हुती की! मला इचारायचं न्हाई का?”

सहा वर्षे! सहा वर्षे त्या घरात साळू-बाळूचा वाद चालला होता, आणि उत्तर दारात शेंगा फोडत बसले होते. विचारले का नाही, तर आजींना ऐकू येत नाही, म्हणून कॅसेट त्यांना कुणी लावून दाखवत नसे. नाव मी इथे छापत नाही. त्या बाईची नातवंडे गावात आहेत; ते त्यांनी आधी ऐकावे हे बरे.

आजींच्या ऐकण्याविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तसे घरोघर आहे. मी त्यांना विचारले, काय ऐकू येत नाही? म्हणाल्या, “आवाज येतोय बाबा, बोलनं कळत न्हाई.” म्हातारपणच्या बहिरेपणाचे याहून नेमके वर्णन डॉक्टरही करणार नाहीत. वयाबरोबर कानाची वरची पट्टी आधी जाते. तरुण कान वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो म्हणतात. साठीच्या आसपास बारा हजारांच्या वरचे बहुतेकांना उरत नाही, आणि पुढे तर व्यंजनेच झिजू लागतात. थोडक्यात, आजींच्या कानाचे त्या टेपच्या हेडसारखेच झाले आहे. आपण मात्र ओरडतो, म्हणजे जे स्वर त्यांना आधीच ऐकू येतात तेच आणखी मोठे करतो. त्यापेक्षा समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. आणि कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणाची तपासणी करून घ्यावी. चष्म्याचा नंबर आपण दर दोन वर्षांनी काढतो, कानाचा कधीच नाही. बोनसमधून पहिला खर्च या तपासणीचा, असे मी सुचवले, आणि त्याला त्या घरात कुणी हरकत घेतली नाही.

उरला मुलगा. त्याचीही बाजू आहे, आणि ती त्याने कॅसेटच्या आड लपवली होती. रोजचे गाडीतले जाणे-येणे. डब्याची घरघर, रुळांचा खडखडाट. त्यावर ऐकू यावे म्हणून तो आवाज वाढवत नेतो. दोन हजारांच्या फाटक्या गाद्यांतून बाहेरचे सारे आत येते, मग आणखी वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. हा जमाखर्च फार कडक आहे; इथे उधारी चालत नाही. आतल्या कानातल्या बारीक केसाळ पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आजींचा कान अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी झिजला. याचा चाळिशीत झिजायचा.

म्हणून बाहेरचा गोंगाट मारणारे यंत्र ही माझ्या मते चैन नव्हे. १९७८ साली झ्यूरिकहून विमानाने परत जाताना अमर बोस यांना ही कल्पना सुचली. वडील बंगाली, आणि स्वतः अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक. बाहेरची घरघर बारीक मायक्रोफोनने टिपायची आणि तिच्या बरोबर उलटी लाट कानात सोडायची, की दोन्ही एकमेकींना खातात. १९८९ साली वैमानिकांसाठी तसे यंत्र विक्रीला आले. इंजिनाची, पंख्याची, गाडीची एकसुरी घरघर त्याने चांगली मरते. ‘चाय गरम’ मात्र मरत नाही, आणि मरू नये. हा गुण आता सव्वीस हजारांतच मिळतो असे नाही. सहा-सात हजारांत कामापुरता मिळतो. आवाज हळू ठेवता येतो, हाच त्याचा खरा फायदा. तो घेतला आणि आवाज पूर्वीइतकाच मोठा ठेवला, तर पैसेही गेले आणि कानही.

मी सहा-सात हजारांचा सल्ला दिला. मुलाने मान डोलावली, पण डोळे मित्राच्या त्या सव्वीस हजारांच्या यंत्रावरच होते. वहिनींना सहा हजारही अधिक वाटतात. त्यांचे म्हणणे, गाडीत काही न ऐकता खिडकीबाहेर पाहिले तर फुकट होते. शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली तिथल्या लोकांनी संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा घातली. त्याचाही दाखला त्यांनी दिला. मायलेकरांचे एकमत झाले की नाही हे मला कळलेले नाही, आणि त्यात पडण्याचे मला कारणही नाही.

ज्यांना यंदा घ्यायचाच आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन बारीक गोष्टी सांगतो. बिनतारी हेडफोनात बॅटरी असते, आणि ती काही वर्षांत थकते. ती बदलून मिळते काय, हे पैसे देण्याआधी विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येते, आणि तसे असेल तर सव्वीस हजार भागिले वर्षे असा हिशेब करा. वायरचा हेडफोन घरात बसून ऐकणाऱ्याला स्वस्त पडतो. वायर आणि गाद्या बदलत तो पंधरा-वीस वर्षेही जातो. गाद्या सुट्या मिळतात का, हे किमतीच्या आधी विचारा. दुकानात ऐकताना आपल्या ओळखीचे, शंभरदा ऐकलेले गाणे लावायला सांगा, विक्रेत्याचे नव्हे. आणि दोन यंत्रे ताडून पाहताना आवाज सारखा करा.

आणि घरात अशी एखादी कॅसेट असेल तर संगणकावर प्रत उतरली म्हणून ती मोडीत घालू नका. डबीत घालून उभी ठेवावी, स्पीकरच्या लोहचुंबकापासून आणि उन्हापासून दूर. आणि वर्षातून एकदा सबंध पुढे-मागे फिरवून घ्यावी, म्हणजे फितीचे वेढे एकमेकांना चिकटत नाहीत.